राष्ट्रपतिपद, सरहद्द आणि न्यायासन

मुस्लिम राष्ट्रपतींची मोजदाद आपल्या समाजात नेहमी होते. डॉ. झाकिर हुसेन, फखरुद्दीन अली अहमद आणि डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ही तीन नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. एखादा जाणकार त्यात न्या. मोहम्मद हिदायतुल्ला यांचे नाव जोडतो. ते निवडून आले नव्हते, पण १९६९ साली महिनाभर त्यांनी ते पद सांभाळले होते. ही यादी आपण अभिमानाने सांगतो. हीच यादी कधी कधी आपल्या तोंडावर फेकलीही जाते. एवढे दिले, आता आणखी काय पाहिजे, असा तो सवाल असतो.

अभिमान असो की टोमणा, दोन्हींमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, राष्ट्रपतिपद म्हणजे समाजाला दिलेली एक भेटवस्तू आहे. प्रत्यक्ष इतिहास तपासला तर चित्र वेगळे दिसते. मुस्लिम नाव राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आले, त्या प्रत्येक वेळी दोन गोष्टी मागे उभ्या होत्या. एक म्हणजे देशाबाहेरचे युद्ध किंवा सरहद्दीवरचा तणाव. दुसरी म्हणजे सर्वोच्च न्यायालयात कोण बसले आहे, कोणाला बसवले आणि कोणाला डावलले, हा प्रश्न. या दोन गोष्टी बाजूला ठेवून नुसती नावे मोजली तर आपल्या हाती फारसे काही लागत नाही. म्हणून या निवडणुकांकडे थोडे सविस्तर पाहू.

१९६७ : ताश्कंदनंतरचा उमेदवार

राष्ट्रपतीची निवड जनता थेट करत नाही. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मत देतात. आमदाराच्या मताचे मूल्य त्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. १९६१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख होती आणि १९६७ च्या विधानसभेत २७० आमदार होते. या हिशेबाने एका आमदाराचे मत १४६ मतांच्या बरोबरीचे होत होते. आज २८८ आमदार आहेत आणि १९७१ ची लोकसंख्या धरून हे मूल्य १७५ आहे.

फेब्रुवारी १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला जबर धक्का बसला. लोकसभेत ५२० पैकी २८३ जागा मिळून बहुमत कसेबसे टिकले, आणि उत्तरेतली राज्ये एकामागून एक हातातून गेली. महाराष्ट्रात मात्र वसंतराव नाईक यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने २०३ जागा जिंकल्या. त्यामुळे राष्ट्रपतिपदाच्या लढतीत महाराष्ट्राच्या मतांना वजन आले. तेव्हा नवी मुंबई कागदावरही नव्हती. सिडकोची स्थापना १९७० सालची. वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि पनवेल, उरण, तळोजे कुलाबा जिल्ह्यात अशी ही सारी मिठागरांची, भातशेतीची गावे होती. पनवेलचे आमदार शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील होते, तर श्रीवर्धनचे आमदार काँग्रेसचे बॅ. ए. आर. अंतुले. मतदान गुप्त असते, त्यामुळे कोणाच्या चिठ्ठीवर काय होते ते पेटीतच राहिले. पण आपल्या परिसराची मतेही त्या पेटीत पडली होती, हे लक्षात ठेवायला हवे.

काँग्रेसचे उमेदवार होते उपराष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन. त्यांच्या लायकीबद्दल वाद नव्हता. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने १९२६ ते १९४८ जामिया मिलियाचे कुलगुरुपद फाटक्या संसारात सांभाळले होते. महाराष्ट्राशी त्यांचे नाते जुने. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली आणि नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच दिले. पुढे ते बिहारचे राज्यपाल झाले, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती झाले, १९६३ मध्ये भारतरत्न झाले. राधाकृष्णन उपराष्ट्रपतिपदावरून राष्ट्रपती झाले होते. त्याच वाटेने झाकिरसाहेबांचे नाव पुढे येणे स्वाभाविक होते.

तरीही पक्षाध्यक्ष कामराज कचरत होते. राधाकृष्णन यांनाच पुन्हा संधी द्यावी असे त्यांचे मत होते. इंदिरा गांधींनी झाकिर हुसेन यांचा आग्रह धरला. कचरण्याचे एक कारण संख्याबळाचे होते, तर दुसरे कारण सरहद्दीवरचे होते. सप्टेंबर १९६५ चे पाकिस्तानशी झालेले युद्ध संपून दीड वर्षच उलटले होते. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला करार झाला आणि त्याच रात्री लालबहादूर शास्त्री तिथेच वारले. लोकांच्या मनात त्या जखमा ताज्या होत्या. अशा वेळी मुसलमान माणूस तिन्ही सैन्यदलांचा सरसेनापती कसा चालेल, ही कुजबुज जोरात होती. झाकिरसाहेबांचे एक भाऊ, डॉ. महमूद हुसेन, पाकिस्तानात मंत्री होऊन गेले होते, ही गोष्टही बोलणाऱ्यांच्या सोयीची होती.

कोकणातल्या मुसलमानाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. कराचीत कोणी ना कोणी नातेवाईक नाही असे घर आपल्याकडे शोधावे लागेल. एक भाऊ मुंबईच्या गोदीत आणि दुसरा कराचीच्या गोदीत, ही आपल्या कितीतरी घरांची कहाणी आहे. फाळणीत तुटलेल्या नात्यालाच पुढे संशयाचा पुरावा ठरवले जाते, ते झाकिर हुसेन यांच्याही वाट्याला आले. वास्तविक ऑगस्ट १९४७ मध्ये जालंधर स्टेशनावर हेच झाकिर हुसेन जमावाच्या हातून थोडक्यात वाचले होते. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने त्यांना वाचवले. त्यानंतरही ते याच मुल्कात राहिले. आणि कुजबुज करणाऱ्यांना १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या आघाडीवर शहीद झालेल्या परमवीर अब्दुल हमीदची आठवण नव्हती, असे कसे म्हणावे? ती होती, पण सोयीने विसरली जात होती.

सरन्यायाधीश मैदानात उतरतात

विरोधी पक्षांनी उमेदवार शोधला तो थेट सर्वोच्च न्यायालयातून. सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांनी ११ एप्रिल १९६७ रोजी राजीनामा दिला आणि ते निवडणुकीला उभे राहिले. निवृत्तीला तीनच महिने उरले होते. सरन्यायाधीशाने खुर्चीवरून उठून राजकारणाच्या आखाड्यात यावे, हे अनेक कायदेपंडितांना रुचले नाही. न्यायासनावर असताना पक्षांशी बोलणी कशी झाली, हा त्यांचा सवाल रास्त होता.

पण सुब्बाराव यांना विरोधकांनी का निवडले? त्याचे उत्तर २७ फेब्रुवारी १९६७ च्या गोलकनाथ निकालात आहे. अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने सांगितले की, मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार संसदेला घटनादुरुस्ती करूनही नाही. मुख्य निकाल सुब्बाराव यांनी लिहिला. त्यांच्याशी चार न्यायमूर्ती सहमत होते. सहावे मत स्वतंत्र निकालपत्राने आले, आणि ते होते न्या. हिदायतुल्ला यांचे. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत घालायलाच नको होता, असेही त्यांनी नोंदवले. पण हक्कांच्या त्या यादीला संसदेने कात्री लावू नये, हे त्यांना मान्य होते.

आता या निवडणुकीतला पेच पाहा. धर्मस्वातंत्र्य, आपली भाषा आणि लिपी जपण्याचा हक्क, आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क, हे सारे घटनेच्या २५ ते ३० या कलमांत येते आणि ही कलमे मूलभूत हक्कांतच आहेत. संसदेतल्या बहुमताला त्यांना हात लावता येणार नाही, असे लिहिणारा माणूस झाकिर हुसेन यांच्या विरोधात उभा होता. त्याच्या पाठीशी जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष होते. उलट झाकिर हुसेन ज्या पक्षाचे उमेदवार होते, त्याच पक्षाने पुढे १९७१ मध्ये चोविसावी घटनादुरुस्ती करून गोलकनाथ निकाल मोडीत काढला. समाजाने साहजिकच झाकिरसाहेबांच्या नावाकडे पाहिले. पण समाजाच्या हक्कांची वकिली त्या घडीला प्रतिस्पर्ध्याच्या निकालपत्रात होती. इतिहास असा सरळ दोन बाजूंत विभागला जात नाही.

६ मे १९६७ रोजी मतदान झाले. सतरा उमेदवार होते, त्यांपैकी नऊ जणांना एकही मत मिळाले नाही. झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ आणि सुब्बाराव यांना ३,६३,९७१ मते मिळाली. एक लाखाहून जास्त मतांची ही आघाडी होती. निवडणुकीनंतर चित्रपट पत्रकारितेतून गाजलेले मुंबईचे बाबूराव पटेल, जे त्या वेळी खासदार होते, सर्वोच्च न्यायालयात गेले. पंतप्रधानांनी मतदारांवर गैरवाजवी प्रभाव टाकला असा त्यांचा एक आक्षेप होता. न्यायालयाने याचिका फेटाळली.

१३ मे रोजी शपथविधी झाला आणि महिना उलटायच्या आत, ५ जूनला, अरब-इस्रायल युद्ध पेटले. त्या वेळी देशाचे परराष्ट्रमंत्री मुंबईचे महमदअली करीम छागला होते. मुंबई उच्च न्यायालयाचे हे माजी मुख्य न्यायमूर्ती १९६४ मध्ये काश्मीर प्रश्नावर सुरक्षा समितीत भारताची बाजू मांडून आले होते. न्यायासन, सरहद्द आणि मुसलमान नाव ही तिन्ही सूत्रे त्या वर्षी छागलांच्याही वाट्याला आली होती.

नागपूरचा न्यायाधीश राष्ट्रपती भवनात

३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पण गिरींना स्वतः निवडणूक लढवायची होती. त्यांनीही पद सोडले तर कारभार कोणी पाहायचा? घटनेत त्याचे थेट उत्तर नव्हते. मे महिन्यातच संसदेने कायदा केला की, अशा वेळी सरन्यायाधीशाने राष्ट्रपतीचे काम पाहावे. २० जुलैला गिरींनी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले.

हिदायतुल्ला आपल्या महाराष्ट्राला परके नाहीत. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे ते विद्यार्थी. केंब्रिजहून बॅरिस्टर होऊन १९३० मध्ये त्यांनी नागपूरलाच वकिली सुरू केली. ते तिथेच मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले, १९४६ मध्ये न्यायाधीश आणि १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये ज्येष्ठतेच्या क्रमाने सरन्यायाधीश झाले. कोणी त्यांना मुसलमान म्हणून निवडले नव्हते. नोकरीची ज्येष्ठता आणि कायद्यातले एक कलम त्यांना तिथे घेऊन गेले. माझ्या मते या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि आपण तिचाच उल्लेख सर्वांत कमी करतो.

त्यांच्या त्या पाच आठवड्यांत देश ढवळून निघत होता. गिरींनी जाता जाता १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली होती. संसदेने केलेल्या कायद्याला ९ ऑगस्टला संमती दिली ती हिदायतुल्लांनी. पुढे हा कायदा सर्वोच्च न्यायालयात आव्हानित झाला तेव्हा त्या पीठावर सरन्यायाधीश हिदायतुल्ला नव्हते. न्या. जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली तो खटला चालला. ज्या कायद्याखाली आपली सही आहे, त्याचा न्याय आपण करू नये, ही साधी पण आज दुर्मीळ वाटावी अशी रीत होती.

१६ ऑगस्टची निवडणूक गिरी विरुद्ध नीलम संजीव रेड्डी म्हणून लक्षात राहिली आहे. पण तिसरे उमेदवार आपल्याच रायगडचे होते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते मिळाली. कोणालाच बहुमत नसल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. देशमुखांची बहुतेक मते रेड्डींकडे गेली, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जिंकले. निकाल २० ऑगस्टला लागला. दुसऱ्याच दिवशी जेरुसलेमला अल-अक्सा मशिदीत आग लावली गेली. त्यातून सप्टेंबरमध्ये रबातला मुस्लिम राष्ट्रांची परिषद भरली. भारताचे शिष्टमंडळ घेऊन गेलेले मंत्री होते फखरुद्दीन अली अहमद. पाकिस्तानच्या हट्टामुळे त्यांना परिषदेबाहेर राहावे लागले. बाहेरच्या मुस्लिम जगात भारतीय मुसलमानाला दार बंद झाले, आणि पाचच वर्षांनी त्याच माणसासाठी राष्ट्रपती भवनाचे दार उघडले.

मेहेरबानीची किंमत

मधल्या काळात न्यायालयाचे रूप बदलले होते. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला आणि लगेच शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले. बँक खटल्यात सरकारच्या बाजूने एकट्याने मत देणारे न्यायमूर्ती तेच. छागलांसह अनेकांनी या नेमणुकीवर जाहीर टीका केली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पुन्हा पेटले आणि खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपट झाल्या. दुष्काळाने आधीच टंचाई होती, त्यात हा भडका. गुजरातमध्ये महागाईविरुद्ध विद्यार्थ्यांचे नवनिर्माण आंदोलन उभे राहिले आणि मार्च १९७४ मध्ये तिथली विधानसभा विसर्जित झाली. आता गुजरातचे आमदारच नाहीत, मग राष्ट्रपतीची निवडणूक घ्यायची की थांबायची? प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. राय यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने जूनमध्ये सल्ला दिला की, मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने हा सल्ला योग्यच होता. पण सिनाईच्या वाळूत झालेल्या युद्धाची ठिणगी दिल्लीच्या मतपेटीपर्यंत कशी पोहोचते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

ऑगस्टमध्ये फखरुद्दीन अली अहमद ७,६५,५८७ मते घेऊन निवडून आले. प्रतिस्पर्धी त्रिदिब चौधरी यांना १,८९,१९६ मते मिळाली. दहा महिन्यांनी, २५ जून १९७५ च्या रात्री, आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली ती याच राष्ट्रपतींची. मंत्रिमंडळाची बैठकही तोवर झाली नव्हती.

आणीबाणीत आपल्या समाजाने काय सोसले ते सांगायला नको. १९ एप्रिल १९७६ ला दिल्लीत तुर्कमान गेटला गोळीबार झाला. त्यानंतर नऊ दिवसांनी, २८ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की, आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. आपल्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी याच्या उलट निर्णय दिले होते. ते सारे रद्द झाले. बहुमतात न्या. मिर्झा हमीदुल्ला बेग होते. एकटे विरोधात होते न्या. हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद रिकामे झाले तेव्हा ज्येष्ठ असलेल्या खन्नांना डावलून बेग यांना नेमले गेले. खन्नांनी राजीनामा दिला. तेव्हा राष्ट्रपती फखरुद्दीनच होते.

म्हणजे त्या दिवशी देशाचा राष्ट्रपती मुसलमान आणि सरन्यायाधीशही मुसलमान होता. मोजदाद करणाऱ्याला याहून मोठा आकडा मिळणार नाही. पण तुर्कमान गेटचा जो माणूस तुरुंगात होता, त्याच्या बाजूने न्यायालयात फक्त खन्ना बोलले होते. १९८२ मध्ये विरोधी पक्षांनी याच खन्नांना राष्ट्रपतिपदासाठी उभे केले. झैलसिंग ७,५४,११३ मते घेऊन जिंकले. खन्नांना २,८२,६८५ मते मिळाली. त्यांच्यासाठी आपल्या मोहल्ल्यांत किती सभा झाल्या? किती उर्दू-मराठी पत्रांनी अग्रलेख लिहिले? हे प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवेत.

२००२ आणि नंतर

डॉ. कलाम यांची निवड झाली तेव्हाही दोन्ही सावल्या होत्या. १३ डिसेंबर २००१ च्या संसदेवरील हल्ल्यानंतर दोन्ही देशांच्या फौजा सरहद्दीवर समोरासमोर उभ्या होत्या. १९९८ च्या पोखरण चाचण्यांमुळे कलाम घराघरात पोहोचले होते. झाकिर हुसेन यांच्या वेळी युद्धामुळे शंका घेतली गेली, कलामांच्या वेळी क्षेपणास्त्रांमुळे शंकेला जागाच उरली नाही. आणि देशाच्या आत गुजरात जळून निघाला होता. १५ जुलैला मतदान झाले. कलाम यांना ९,२२,८८४ आणि कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना १,०७,३६६ मते मिळाली. त्यांची निवड हा गुजरातवर मलम लावण्याचा प्रयत्न आहे, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गुजरात विधानसभा विसर्जित झाली, आणि १९७४ प्रमाणेच गुजरातचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या सल्ल्यासाठी गेला. कलाम ऑगस्टमध्ये गुजरातला गेले, मदत छावण्यांतल्या लोकांना भेटले. त्या भेटीचे मोल आहेच. पण छावणीतल्या माणसाला न्याय राष्ट्रपती देऊ शकत नव्हते. तो पुढे जेवढा मिळाला तेवढा न्यायालयांतून मिळाला, वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या साक्षीदारांमुळे आणि वकिलांमुळे मिळाला.

या सगळ्यातून काय घ्यायचे? माझ्या मते दोन प्रकारच्या खुर्च्यांत फरक करायला शिकायचे. एक खुर्ची नियमाने मिळते, हिदायतुल्लांना मिळाली तशी. दुसरी कोणाच्या तरी मर्जीने मिळते, आणि मर्जीची परतफेड बहुधा सहीनेच करावी लागते. पहिल्या खुर्चीचा समाजाला आधार असतो, कारण तीच वाट उद्या दुसऱ्यालाही खुली राहते. दुसरीचा फोटो भिंतीवर लागतो.

नवी मुंबईत आज आपली मुले-मुली मोठ्या संख्येने शिकत आहेत. त्यांपैकी काही कायद्याच्या महाविद्यालयांत आहेत, काही स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत. घरोघरी त्यांना राष्ट्रपतींची नावे सांगितली जातात. त्याबरोबर हिदायतुल्ला नागपूरच्या वकिलीतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत कसे पोहोचले तेही सांगावे. खन्नांचे ते एकट्याचे निकालपत्र मराठीत वाचून दाखवावे. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला आपल्या वस्तीतून किती जण बसले, हा हिशेब दरवर्षी मशिदीच्या जमातीने, शाळेच्या संस्थेने मांडावा. सरहद्दीवर तणाव वाढला की निष्ठेचा प्रश्न पुन्हा विचारला जाईल. त्या वेळी उपयोगी पडेल तो तालुक्याच्या कोर्टात बसलेला निर्भीड न्यायाधीश, मग तो कोणत्याही धर्माचा असो.